शक्की आणि मशकूक

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आपा साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायची. दुकानदारानं "ताजा आहे" म्हटलं की ती पाव उलटा करून त्याचा तळ बघायची. डॉक्टरनं गोळ्या दिल्या की सोबतच्या कागदावरचं बारीक अक्षर भिंगाखाली धरायची. घराला दोन कुलपं, आणि दुसऱ्या कुलपाची किल्ली ठेवायची जागा ती दर दोन महिन्यांनी बदलायची. तिच्यासोबत राहणारी धाकटी बहीण शिवणकाम करायची. तिला कितीदा तरी दाराबाहेर पायरीवर बसून आपाची वाट बघावी लागली होती.

"तुला स्वर्गात नेलं ना आपा," धाकटी म्हणायची, "तरी तू आधी दाराची कडी हलवून बघशील."

"बघीनच. बाहेरून लागते की आतून, ते कळायला नको?"

बावन्न वर्षांची ही बाई एका औषधांच्या कारखान्यात दुभाषी होती. कारखान्याचे सगळे कागद इंग्रजीत आणि बहुतेक माणसं उर्दू बोलणारी. वरच्या मजल्यावर इंग्रजी, खाली उर्दू, आणि जिन्याच्या वळणावर प्लायवूडच्या भिंतींची आपाची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, चार शब्दकोश. वरून आलेली सूचना ती उर्दूत करून खाली द्यायची, खालची तक्रार इंग्रजीत करून वर. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. त्यांच्या शेजारी बसून ती इंग्रजी अक्षरं शिकली, ती आधी उलटी आणि मग सुलटी. म्हणूनच असेल, पण कुठल्याही शब्दाला ती मागून-पुढून न्याहाळल्याशिवाय सोडायची नाही. विशेषणांवर तर तिचा खास डोळा. म्हणायची, "वस्तूचं नाव गुपचूप उभं असतं. हा विशेषण नावाचा इसम तिच्या खांद्यावर हात टाकून येतो. याची झडती घ्यावी."

तिचा मान वाढला तो अशाच एका विशेषणामुळे. स्पिरिटच्या पिंपांवर 'इन्फ्लेमेबल', म्हणजे चटकन पेट घेणारं, असं लिहिलेलं असायचं. खालच्या एका मुकादमाला थोडं इंग्रजी यायचं. थोडं यायचं तेच वाईट. शब्दाच्या पुढे 'इन' लागलं की अर्थ उलटा होतो, जसं आपल्याकडे 'बे' लावल्यावर ईमानदाराचा बेईमान होतो, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यानं हिशेब लावला की ही पिंपं पेट घेत नाहीत, आणि सहा पिंपं बॉयलरच्या भिंतीला टेकवून रचली. आपा जिन्यावरून उतरत होती. तिनं पाहिलं आणि तिथूनच ओरडली. पिंपं हलवली गेली. पुढच्या सोमवारपासून हजेरीचा पंच मारायच्या घड्याळाशेजारी एक फळा लागला. दर सोमवारी एक इंग्रजी विशेषण, त्याचा उर्दू अर्थ, आणि ते वापरून एक वाक्य. पहिला शब्द अर्थातच 'इन्फ्लेमेबल'. खाली वाक्य होतं : "या 'इन'वर विश्वास ठेवू नका."

सात वर्षं फळा चालला. माणसं पंच मारायची आणि शब्द पुटपुटत कामाला लागायची.

मग लेबलं कमी पडायला लागली.

औषधाच्या बाटलीवरचं लेबल म्हणजे दिसायला कागदाचा चिटोरा. पण त्याचं एक रीळ भलत्याच्या हाती लागलं की खडूच्या गोळ्याही औषध म्हणून खपतात, आणि आजारी माणूस त्या विश्वासानं गिळतो. ही रिळं बाहेरच्या एका छापखान्यातून खोक्यांत भरून, वर चिकटपट्टी मारून, गाडीनं यायची आणि थेट गोदामात जायची. तीन महिन्यांत अकरा रिळं कमी भरली. गोदाम मामूंच्या ताब्यात.

मामू म्हणजे सगळ्या कारखान्याचे मामू, आणि त्यांची बायको म्हणून मुमानी. मामू अठ्ठावीस वर्षं त्या गोदामात होते. बारीक अंगाचे, कानामागे पेन्सिल, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सुटीच्या वेळी पॅकिंगच्या बायकांच्या पिशव्या तेच तपासायचे आणि जेवणाचा डबाही उघडून बघायचे. आपाच्या घरासमोरच्याच इमारतीत ते राहायचे. दोघांची खिडकी समोरासमोर. येता-जाता सलाम, पावसापाण्याची विचारपूस, याच्यापलीकडे संबंध नव्हता. दोघंही तसे कुणाच्या फार जवळ जाणाऱ्यांतले नव्हते.

चौकशीसाठी मुख्य कार्यालयातून एक साहेब आले. त्यांना उर्दूचा गंध नव्हता. एका दिवसात अकरा माणसांचे जबाब घ्यायचे ठरले. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला टंकलेखक, मध्ये आपा. दुपारपर्यंत तिचा घसा बसला. शेवटचा जबाब पॅकिंगमधल्या सगळ्यांत जुन्या बाईचा. तिला सगळे बडी बी म्हणायचे.

"गोदामवाला माणूस कसा आहे?" साहेबांनी विचारलं आणि आपानं ते उर्दूत विचारलं.

"मामू?" बडी बी तोंडाला पदर लावून हसली. "बडे शक्की आदमी हैं!"

"ही इज अ व्हेरी सस्पिशस मॅन," आपा म्हणाली.

टंकलेखकानं ते बडवलं. साहेबांनी मान वर केली, आपाकडे पाहिलं, बडी बीकडे पाहिलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं. बडी बीचं हसू कागदावर आलं नाही. हसण्याचं भाषांतर करायला कुणी सांगितलंही नव्हतं.

दहा दिवसांनी मामूंना कामावरून बाजूला केलं. कारण कुणी सांगितलं नाही. दोन रखवालदारांच्या देखत त्यांचं कपाट उघडलं आणि तळाशी पत्र्याचा एक डबा निघाला. डब्यात खोक्यांवरच्या चिकटपट्ट्यांचे कापलेले तुकडे, एकावर एक रचलेले, आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं उर्दूत काहीबाही खरडलेलं. साहेबांनी डबा सीलबंद केला. बातमी मात्र सीलबंद राहिली नाही. संध्याकाळपर्यंत सगळा कारखाना बोलत होता : मामू खोकी उघडायचे आणि पुन्हा चिकटवायचे, पट्ट्या हा पुरावा, वर सांकेतिक लिपीत हिशेब लिहिलेला.

आपाच्या मनात पाल चुकचुकायला एवढं पुरेसं होतं. घरी जाताना तिला एकेक गोष्ट आठवायला लागली. मामू काही लिहीत असले आणि कुणी आलं की पाठ फिरवायचे. महिन्यापूर्वी जिन्यात थांबून त्यांनी तिला विचारलं होतं, "आपा, वर गाड्यांचं काम कोण बघतं?" तिनं "का?" विचारल्यावर म्हणाले होते, "असंच." अठ्ठावीस वर्षांत या माणसानं काही 'असंच' विचारलं होतं का?

"पाणी मुरतंय," ती धाकटीला म्हणाली.

"अगं, ते बायकांचे डबे उघडून बघतात. असा माणूस चोरी करेल?"

"तोच करेल. दुसऱ्याच्या डब्यात बघणाऱ्याच्या डब्यात कोण बघणार?"

धाकटीनं सुईत दोरा ओवला.

आता आपाची सकाळ खिडकीत सुरू व्हायला लागली. मामू रोज नऊला कापडी पिशवी घेऊन बाहेर पडायचे आणि कारखान्याच्या उलट दिशेला जायचे. दुपारी परत, हे धाकटीकडून कळायचं. ज्याला काम नाही तो रोज नऊला कुठे जातो? तिसऱ्या दिवशी मुमानी आपाच्या दारात आल्या. आपानं साखळी न काढता दार बोटभर उघडलं.

"आपा, वर काय बोलतात हो यांच्याबद्दल? तुम्हाला तर सगळं कळतं."

"मला काही कळत नाही, मुमानी. मी फक्त कागद लिहिते."

"दार तरी उघडा. दोन मिनिटं बसते."

"बहिणीला बरं नाही," आपा म्हणाली. आतून शिवणयंत्राचा खडखडाट चांगला जोरात ऐकू येत होता. मुमानींनी तो ऐकला, आपाकडे पाहिलं आणि त्या जिना उतरून गेल्या.

शनिवारी आपानं सुट्टी टाकली आणि ती मामूंच्या मागे गेली. बावन्न वर्षांच्या आयुष्यात तिनं असलं काही केलं नव्हतं. चाळीस पावलं अंतर ठेवून, डोक्यावरून ओढणी घेऊन, दुकानांच्या काचांत बघत. मामू दोन वळणं घेऊन एका रुंद रस्त्याला लागले आणि एका बंद दुकानाच्या शटरला टेकून उभे राहिले. समोर छापखाना होता. ज्याच्या लेबलांची रिळं कमी भरली, तोच. फाटकातून कारखान्याची गाडी बाहेर पडली. मामूंनी पिशवीतून काहीतरी काढलं, बघितलं आणि परत ठेवलं. तासाभरानं ते परतीला लागले. आपा एका औषधाच्या दुकानात शिरून खोकल्याचं औषध मागत बसली.

घरी आल्यावर तिनं कागदावर सगळं लिहून काढलं : वार, वेळ, जागा, गाडी. हा कागद साहेबांना द्यायचा होता. पण देण्यापूर्वी तिच्या मनात आलं, साहेब तरी कोण? कालचा आलेला माणूस. गाडीचं काम वरच कुणाच्या तरी हातात आहे. सोमवारी कारखान्यात गेल्यावर कागद तिनं आपल्या खोलीतल्या टेबलाच्या खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं.

त्याच दिवशी वरून एक पत्र आलं. मामूंना द्यायचं होतं, उर्दू भाषांतरासह. दोन परिच्छेद. चौकशी चालू आहे, सुनावणीची तारीख नंतर कळवू, वगैरे. दुसऱ्या परिच्छेदात : "एका साक्षीदारानं तुमचं वर्णन 'सस्पिशस' असं केलं आहे."

आपानं पेन उचललं. सस्पिशसला उर्दूत काय लिहायचं? 'मशकूक'. ज्याच्यावर शक घ्यावा असा. पत्राच्या सुरात तेच बसत होतं. मशकूकचं पहिलं अक्षर, मीम, लिहून तिचा हात थांबला.

कारण दुसरा शब्दही होता. 'शक्की'. जो दुसऱ्यावर शक घेतो तो. उर्दूत हे दोन शब्द दोन टोकांना उभे असतात. एक डोळे वटारून बघणारा, दुसरा ज्याच्याकडे डोळे वटारून बघितलं जातं तो. चोराला पकडणारा आणि चोर यांच्यात जितका फरक, तितका. इंग्रजी मात्र दोघांना एकच टोपी घालतं. मग या साक्षीदाराला नेमकं काय म्हणायचं होतं? आणि कोण हा साक्षीदार?

अकराच्या अकरा जबाबांची कच्ची टिपणं तिच्याच वहीत होती. तिनं पानं उलटली. शेवटचं पान. बडी बी. बडे शक्की आदमी हैं.

बाहेर जिन्यावरून माणसं चढत-उतरत होती. बडी बीचा पदर, तिचं हसू, सगळं तिला आता दिसायला लागलं. त्या म्हातारीला म्हणायचं होतं की मामू आमचे डबे उघडतात, स्वतःच्या सावलीवरही भरवसा ठेवत नाहीत. आणि मामूंना मशकूक कुणी केलं होतं? दुसऱ्याच्या 'इन'वर विश्वास ठेवू नका म्हणून सात वर्षं फळा लिहिणाऱ्या बाईनं. पुढचं आणखी वाईट होतं. आपल्याच तोंडून पडलेल्या शब्दावर तिनं स्वतः विश्वास ठेवला होता, आणि वर त्याचे पुरावे गोळा करत आठवडाभर खिडकीत बसली होती.

ती वही घेऊन वर गेली.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा काढला.

"म्हणजे जबाबात चूक आहे असं तुम्ही आता म्हणता."

"जबाबात नाही. माझ्या भाषांतरात. साक्षीदार म्हणाली, हा माणूस संशय घेणारा आहे. मी असा शब्द वापरला की त्याचा अर्थ याच्यावर संशय घ्यावा असाही होतो."

"तुम्ही राहता कुठे?"

आपानं सांगितलं.

"आणि तो?"

"समोर."

टंकलेखकाचे हात यंत्रावर थांबले.

"सोळा दिवस तुम्ही गप्प होतात," साहेब म्हणाले. "आणि आज, त्याला पत्र जायच्या दिवशी, तुम्हाला दुसरा अर्थ सापडला. मला सांगा, बाकीचे दहा जबाबही तुम्हीच भाषांतरित केलेत ना?"

"हो."

"मग आता अकराही जबाब सस्पिशस झाले."

हा कुठला सस्पिशस, हे आपाला शब्दकोश न बघता कळलं.

त्या दिवशी तिच्या खोलीला कुलूप लागलं. खणही सीलबंद झाला, आत मामूंच्या पाळतीचा कागद होता तसाच. तिला व्हरांड्यात एक खुर्ची दिली आणि काम काहीच दिलं नाही. चार दिवस ती त्या खुर्चीत बसली. जिन्यावरून जाणारी माणसं आता भिंतीच्या बाजूनं जायची. ज्या मुकादमाची पिंपं तिनं हलवायला लावली होती, तो तिला बघून खिशात काहीतरी शोधायला लागायचा. फाटकावरच्या रखवालदारानं तिच्या पर्समधून भिंग काढलं, उजेडात धरलं आणि विचारलं, "हे कशाला लागतं?" वाचायला लागतं, असं तिनं सांगितलं. तिच्या स्वतःच्याच कानाला ते खोटं वाटलं. सरळ बसलं तर निर्लज्ज दिसतं, खाली मान घातली तर अपराधी दिसतं. बसायचं कसं, हेच तिला कळेना. मामू इतके दिवस कसे बसले असतील, असं तिच्या मनात आलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तिनं रस्ता ओलांडला आणि समोरचा जिना चढली.

मुमानींनी दार उघडलं. त्यांनी पूर्ण उघडलं. त्या बाजूला झाल्या. मामू खाटेवर बसून किल्ल्यांविना नुसती कडी बोटात फिरवत होते. आपा उभ्याउभ्याच बोलली, कारण बसली असती तर बोलता आलं नसतं. बडी बी काय म्हणाली, आपण काय म्हणालो, साहेबांनी काय लिहिलं, सगळं सांगितलं.

मामूंनी ऐकलं. "एक शब्द?" त्यांनी विचारलं.

"एक."

"शक्की तर मी आहे," ते म्हणाले. "त्यात बडी बीचं काय चुकलं?"

"तुमच्या डब्यात काय आहे, मामू?"

"माझा शकच आहे त्यात. दुसरं काय असणार?" त्यांनी कडी खाली ठेवली. "खोकी माझ्याकडे यायची तेव्हाच पट्टी दुहेरी असायची. वरची नवी, खालची कापलेली. वाटेत कुणीतरी उघडून पुन्हा चिकटवत होतं. तसं खोकं आलं की मी दोन्ही पट्ट्यांचा तुकडा कापून ठेवायचो आणि त्यावर तारीख, गाडी, आणणारा माणूस, सगळं लिहायचो. छापखान्यातून खोकं निघताना एकच पट्टी असते का, तेही आता रोज जाऊन बघतोय. एकच असते. एक तुकडा पिशवीत राहिला होता, तो ताडून बघतो."

"मग हे आधी का नाही बोललात?"

"कुणाशी बोलू? गाडीचं कंत्राट वरच्या मजल्यानं दिलेलं. माझं बोलणं वर जाणार तुमच्या तोंडून. तुम्ही त्यांच्यातल्या नाही कशावरून?"

त्यांच्या जागी आपा असती, तर तिनंही हेच म्हटलं असतं.

"मी ते वाचून साहेबांना सांगेन असं म्हणत नाही," ती म्हणाली. "माझ्यावर त्यांचा विश्वास नाही, आणि तो नसावाच. त्यांनी बाहेरचा माणूस आणावा. शाळेतला उर्दूचा मास्तर आणावा, मला आणि तुम्हाला न ओळखणारा. त्यानं पट्ट्या वाचाव्यात, आणि बडी बीलाही त्यानंच पुन्हा विचारावं. हा अर्ज मी लिहून आणलाय. सही तुमची लागेल."

मामूंनी अर्ज हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला, आणि दोनदा वाचून सही केली.

आपा निघाली, तेव्हा मुमानी पहिल्यांदा बोलल्या.

"शब्दाचं समजलं. साखळीचं काय?"

आपा दारात थांबली. खोटं बोलायला आता जागा उरली नव्हती. "मला वाटलं होतं, मामूंनीच चोरी केली," ती म्हणाली. "मी खिडकीतून पाळत ठेवली. शनिवारी यांच्या मागेही गेले होते. छापखान्यापर्यंत."

"ठाऊक आहे," मामू म्हणाले. "पहिल्याच वळणावर पाहिलं मी तुम्हाला. नंतर तुम्ही औषधाच्या दुकानात शिरलात."

"मग हाक का नाही मारलीत?"

"मला वाटलं, साहेबांनी तुम्हाला पाठवलंय."

आपाला हसू आलं आणि ते तोंडातच विरलं, कारण मुमानी हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "शब्दाची चूक होते माणसाकडून. ती माफ. साखळीचं बघू." आणि त्यांनी दार लावलं. जोरात नाही, नेहमी लावतात तसंच.

साहेबांना अर्ज बरा वाटला नाही, पण नाकारताही येईना. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेतून एक म्हातारे मास्तर आले. त्यांनी डबा उघडला, एकेक पट्टी चिमट्यानं धरली आणि वाचून इंग्रजीत सांगितली. एकंदर चौदा खोक्यांच्या पट्ट्या. शेवटच्या पट्टीवर मामूंनी लिहिलं होतं : "आज आणणारा म्हणाला, झाकण भिजलं होतं म्हणून नवी पट्टी मारली. आज पाऊस नव्हता." मास्तरांनी हे वाक्य दोनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्यांदा साहेबांनी ऐकूनही लिहून घेतलं नाही. बडी बीला पुन्हा बोलावलं. ती या वेळी अजिबात हसली नाही. म्हणाली, "अहो, शक्की म्हणजे शक्की! माझा डबा रोज उघडतात. ते चोर असते तर मी सुखानं जेवले असते."

पुढच्या खेपेला खोकं छापखान्यातून निघताना साहेब स्वतः हजर राहिले आणि पट्टीवर त्यांनी सही केली. कारखान्यात खोकं पोचलं, तेव्हा ती सही दुसऱ्या पट्टीखाली गेली होती. गाडीवरचे दोघे पकडले गेले. कंत्राट गेलं. वरच्या मजल्यावरच्या एका माणसाची बदली झाली. ती कशाबद्दल, हे कुणी बोललं नाही. आपानंही विचारलं नाही, पण तिला अंदाज होता.

मामूंना परत बोलावणारं पत्र मास्तरांकडून उर्दूत करून घेतलं गेलं. मामू आले, त्यांनी किल्ल्यांचा जुडगा मागितला, एकेक किल्ली मोजून घेतली आणि गोदामाचं कुलूप बदलायला लावलं. आपाला तिची खोली मिळाली, पण चौकशीचं काम कायमचं काढून घेतलं. ते योग्य झालं, असं ती धाकटीला म्हणाली. साहेब जाण्यापूर्वी तिनं त्यांच्याकडे एकच मागणी केली : माणूस जे बोलेल ते आधी त्याच्याच भाषेत, त्याच्याच शब्दांत लिहावं, त्याला वाचून दाखवावं, मग भाषांतराला घ्यावं. साहेब "बघतो" म्हणाले. दोन महिन्यांनी तसा नियम आला. तो उर्दूत करायचं काम आपाकडेच आलं.

खणातला तो पाळतीचा कागद तिनं फाडला नाही. मामूंना नेऊन दिला. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "वेळ चुकीची लिहिलीत. नऊ नाही, नऊ दहा." घडी करून त्यांनी तो खिशात ठेवला. त्यानंतर दोघांत सलाम पुन्हा सुरू झाला, पण त्यापुढे गाडी गेली नाही. मुमानींनी तेवढंही केलं नाही. समोरच्या खिडकीत आपा दिसली की त्या पडदा ओढायच्या.

असे आठ महिने गेले. मग एका दुपारी मुमानी कारखान्याच्या फाटकाशी उभ्या दिसल्या. हातात मोठा पिवळा लिफाफा होता. बरेच दिवस त्यांच्या पोटात दुखत होतं. इस्पितळात फोटो काढला होता आणि त्याचा अहवाल आला होता. डॉक्टर म्हणाले होते, सगळं ठीक आहे, काळजी करू नका. पण मामूंनी अहवाल पाहिला, त्यात एक लांबलचक शब्द चार ठिकाणी दिसला, आणि त्यांची झोप उडाली.

"हे म्हणतात, ठीक असतं तर एवढा मोठा शब्द चारदा कशाला लिहिला असता?" मुमानी म्हणाल्या. त्या आपाकडे बघत नव्हत्या, लिफाफ्याकडे बघत होत्या. "म्हणाले, आपांनाच विचार."

"मामू म्हणाले?"

"हो."

आपानं कागद काढला. यकृत, 'अनरिमार्केबल'. मूत्रपिंड, 'अनरिमार्केबल'. तिला शब्दाचा अर्थ ठाऊक होता. रोजच्या इंग्रजीत माणसाला असं म्हणणं म्हणजे त्याचा जवळजवळ अपमानच : याच्यात दखल घेण्यासारखं काही नाही. पण डॉक्टरांच्या कागदावर त्याचा अर्थ वेगळा असावा, चांगला असावा, असा तिचा तर्क होता. तो तर्क जिभेच्या टोकावर आला होता.

"काय आहे?" मुमानींनी विचारलं.

"मला वाटतं चांगलं आहे," आपा म्हणाली. "पण मला वाटण्यावर जाऊ नका. ज्यानं लिहिलंय त्यालाच विचारू. इस्पितळ पाचपर्यंत उघडं असतं. मी येते."

तिनं अर्धा दिवस रजा टाकली. दोघी गेल्या. बाकावर पाऊण तास बसल्या, मध्ये लिफाफा. डॉक्टरनं कागदावर नजर टाकली आणि म्हणाला, "म्हणजे वेगळं काही दिसलं नाही. सगळं जसं असायला हवं तसं आहे."

"चारही ठिकाणी?" आपानं विचारलं.

"चारही."

"दुसरा काही अर्थ निघत नाही ना?"

डॉक्टर हसला. "इथे नाही निघत."

बाहेर आल्यावर मुमानींनी लिफाफा छातीशी धरला आणि मोठा श्वास सोडला. मग म्हणाल्या, "हे तुम्हाला फाटकाशीच माहीत होतं."

"अर्धं माहीत होतं."

"आणि त्या अर्ध्यासाठी मला इथवर चालवत आणलंत. माझे गुडघे बघा."

"रिक्षा करू या?"

"नको. तो भलत्याच रस्त्यानं नेईल," मुमानी म्हणाल्या. उतारावर पाय जपून टाकण्यासाठी त्यांनी आपाचा दंड धरला आणि घराच्या जिन्यापर्यंत तो सोडला नाही.